न्हाणीघराची कडी

माझा पुतण्या जून २०२४ मध्ये चिपळूणहून आमच्याकडे मुलुंडला राहायला आला. त्याला अंधेरीच्या कॉलेजात अकरावीला प्रवेश मिळाला होता. पहिल्याच रात्री जेवणे झाल्यावर मी त्याला समोर बसवून मुंबईत कसे वागायचे ते सांगितले. पाकीट मागच्या खिशात ठेवू नकोस, लोकलच्या दारात उभा राहू नकोस, ओळखपाळख नसलेल्याने दिलेले काही खाऊ नकोस, दहाच्या आत घरी ये. तो "हो काका, हो काका" म्हणत राहिला आणि मी कर्तव्य केल्याच्या समाधानात झोपायला गेलो. दोनअडीच तपे दवाखाना चालवणाऱ्या माणसाची ही सगळी सूचनावली घराच्या उंबऱ्याबाहेरची होती, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही.

पुढच्या जानेवारीत एका सकाळी मी दवाखान्यात असताना घरून फोन आला. मुंबईच्या मानाने थंडी होती. पुतण्याने आंघोळीला जाताना न्हाणीघराच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या बंद केल्या, दार लावून आतून कडी घातली आणि गॅसचा गीझर चालू केला. आमचा गीझर न्हाणीघरातच, डोक्यावरच्या भिंतीला लावलेला. वीस मिनिटे झाली, पाणी वाहतच होते. माझ्या पत्नीने हाक मारली. पाण्याचा आवाज येत होता, मुलाचा नाही. तिने दार ठोठावले, मग शेजाऱ्यांना हाक मारली. शेजारच्या गृहस्थांनी दोन लाथांत कडी उखडली. मुलगा दाराशीच पडलेला होता, डोके उंबऱ्याजवळ. बहुधा दारापर्यंत आला होता, पण कडी काढण्याचे बळ हातात उरले नव्हते.

दोघांनी त्याला ओढून बाहेरच्या खोलीत आणले. गडबडीत गीझर तसाच जळत होता. तो बंद केला शेजाऱ्यांच्या आठवीतल्या मुलीने. तिला मी नंतर विचारले की तुला हे कसे सुचले. ती म्हणाली, "सुचलं नाही काका. आमच्याकडे गीझर दुरुस्त करताना बाबा मला तो कॉक फिरवायला सांगतात. म्हणून फिरवला."

हे तिचे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. त्याच्याकडे पुढे येतोच.

इस्पितळात पोचलो तेव्हा मुलगा डोळे उघडत होता, पण बोलणे तुटक होते. बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण ९८ दिसत होते. रिकाम्या पोटी चक्कर आली असावी असाच कोणाचाही समज झाला असता. मी "बंद न्हाणीघर, गॅसचा गीझर" एवढेच सांगितले आणि तिथल्या तरुण डॉक्टरने लगेच प्राणवायूचा मास्क लावून रक्त तपासणीला पाठवले. दोन दिवस डोके दुखत राहिले. त्यापलीकडे काही झाले नाही. पाचसात मिनिटे उशीर झाला असता तर काय झाले असते, हे मी घरात कोणाला सांगितले नाही. आज इथे लिहितो आहे.

आता हा प्रकार नेमका काय, ते नीट समजून घेऊ. गॅस भरपूर हवेत जळला तर त्यातून कार्बन डायऑक्साईड आणि पाण्याची वाफ तयार होते आणि ज्योत निळी असते. लहानशा बंद खोलीत गीझर पेटला की तो खोलीतलाच प्राणवायू खाऊ लागतो. प्राणवायू कमी पडला की जळणे अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. आपल्या घरगुती गॅसला वास असतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. गॅस जळल्यावर तो वासही जळून जातो. त्यामुळे "वास आला तर कळेलच की" हा भरवसा इथे कामाचा नाही.

हा वायू रक्तात काय करतो? तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन फुप्फुसातून प्राणवायू उचलून शरीरभर पोचवते. कार्बन मोनॉक्साईड त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणजे एस.टी.तल्या सगळ्या जागा आधीच कोणी अडवून ठेवाव्यात आणि खऱ्या प्रवाशाला फलाटावरच उभे राहावे लागावे, तसे होते. आधी डोके जड होते, मग गरगरते, मळमळते, आणि पाय लुळे पडतात. हे पाय लुळे पडणेच घातक. माणसाला कळत असते की काहीतरी बिघडले आहे, पण उठून दार उघडता येत नाही. म्हणून कडीचा प्रश्न एवढा मोठा.

कोरोनानंतर घरोघरी बोटाचे ते यंत्र आले आहे. एक ध्यानात ठेवा. साध्या यंत्राला प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन आणि या विषाने भरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. ते ९८ दाखवील आणि माणूस मरणाच्या दारात असेल. यंत्रावर विसंबू नका. डॉक्टरांना "गीझर चालू होता" हे सांगा. ते तुमच्याशिवाय दुसरे कोण सांगणार? साध्या हवेत हे विष निम्मे व्हायला चारपाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण तासदीड तासात निम्मे होते. घरी झोपवून लिंबूपाणी पाजत बसण्यात जो वेळ जातो, तो असा महाग पडतो.

माझ्या घरची गोष्ट एकटी नाही. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत पंधरा वर्षांची एक शाळकरी मुलगी बंद न्हाणीघरात अशीच बेशुद्ध सापडली आणि पुढे इस्पितळात गेली. मार्च २०२३ मध्ये होळीच्या सुमारास घाटकोपरला एक जोडपे न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले, तेव्हाही पहिला संशय गीझरच्या वायूवरच गेला. दोन्ही बातम्या मी वाचल्या होत्या. दवाखान्यात रुग्णांना सांगितल्याही होत्या. घरी मात्र गीझर तिथेच, कडी तिथेच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

चिपळूणला आमच्या घरी अजून मागच्या पडवीत चुलीवर पाणी तापते. पुतण्याने आयुष्यात बंद खोलीतला जाळ पाहिलाच नव्हता. त्याला माहीत नव्हते यात त्याचा काय दोष? आणि तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठे आले गॅसचे गीझर? तालुक्याच्या गावीही आता ते आले आहेत. आणि गीझर नसला तरी बंब आहे, शेगडी आहे. दारे लावून खोलीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीतूनही हाच वायू निघतो. निखारे धगधगीत झाले, धूर थांबला की आता भीती नाही असे आपण समजतो. धूर थांबतो, वायू थांबत नाही.

आमच्या घरी आता काय केले आहे ते सांगतो. तो गीझर काढून न्हाणीघराबाहेर मोकळ्या गॅलरीत बसवला. ज्यांना तसे करणे शक्य नाही त्यांनी आधी बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा आणि मगच आंघोळीला बसावे. खिडकीच्या दोनतीन पट्ट्या कायमच्या काढून टाकाव्यात, म्हणजे थंडीत लावायचा मोह होणार नाही. पंखा बसवला तरी दाराखाली हवा आत यायला फट हवी, नाहीतर पंखा ओढणार काय? ज्योत पिवळी दिसू लागली की माणूस बोलावून साफसफाई करून घ्यावी. आमच्या कडीच्या जागी आता बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी खिटी आहे. आणि कोणी आत पडलेले आढळले तर दार उघडल्याबरोबर श्वास रोखून आत जावे, आधी माणसाला बाहेर ओढावे, गॅस बंद करावा, खिडक्या उघडाव्यात. श्वास चालत नसेल तर छाती दाबण्याचे प्रथमोपचार ताबडतोब सुरू करून १०८ ला फोन करावा. वाचवणारा आतच रेंगाळला तर बाहेर काढायला दोघे होतात.

आता त्या आठवीतल्या मुलीच्या वाक्याकडे वळतो. "बाबा फिरवायला सांगतात म्हणून फिरवला." तिला कोणी सुरक्षिततेवर व्याख्यान दिले नव्हते. तिच्या हाताला ते काम ठाऊक होते. माझ्या पुतण्याला मी पंधरा सूचना दिल्या होत्या, पण त्याच्या हाताला त्यांपैकी एकही ठाऊक नव्हती. यावरून मनात आले की आपल्या इमारतीतल्या बाकीच्या मुलांचे काय? एका रविवारी गच्चीवर सगळ्यांना जमवले. सात वर्षांपासून एकोणीस वर्षांपर्यंतची चौदा मुले आली. बटाटेवडे आहेत असे सांगितले होते, त्यामुळे उपस्थिती चांगली होती.

मी विचारले, घरात गॅसचा वास आला तर काय कराल? चौदा तोंडांनी एकसुरात उत्तर आले, "खिडक्या उघडायच्या, दिवा लावायचा नाही!" शाळेत पाठ झालेले. मग त्यांना घेऊन एकेका घरी स्वयंपाकघरात गेलो आणि म्हटले, आता गॅस बंद करून दाखवा. पहिल्या घरात सिलिंडर ओट्याखाली कांद्याबटाट्याच्या टोपलीमागे होता. मुलाला आधी टोपली काढावी लागली, मग रेग्युलेटरची खुंटी कुठल्या बाजूला फिरते यावर भावंडांत वाद झाला. दुसऱ्या घरी नळीचा गॅस होता. नववीतल्या मुलाने शेगडीची बटणे बंद करून दाखवली, पण भिंतीवरचा पिवळ्या नळीचा मुख्य कॉक त्याने जन्मात कधी हाताळला नव्हता. विजेचा मुख्य खटका चौदांपैकी पाचांना ठाऊक होता. आईचा फोन नंबर तोंडपाठ असलेली मुले तीन! बाकीच्यांचे नंबर फोनच्या पोटात, आणि फोन आईच्या हातात. पत्ता सांग म्हटल्यावर एकाने "डी-मार्टच्या मागे" असे सांगितले. अग्निशमन दलाचा बंब डी-मार्टच्या मागे येऊन काय करणार?

सिलिंडर आणि नळीच्या गॅसचा फरकही मुलांना नवा होता. मोठ्यांनाही होता, खरे सांगायचे तर. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो गळला की जमिनीलगत साचतो, पाण्यासारखा खालच्या खोलगट जागी जातो. नळीचा गॅस मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका, वर छताकडे जातो. म्हणून सिलिंडर असलेल्या घरात नुसती वरची झडप उघडून भागत नाही. दार सताड उघडून खालची हवा बाहेर जाऊ द्यावी लागते. दोन्ही ठिकाणी विजेचे एकही बटण दाबायचे नाही, चालू असेल ते बंदही करायचे नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळी उडते. वास घालवायला पंखा लावणे ही तर सर्रास होणारी चूक. बाहेर पडून मग सिलिंडरसाठी १९०६ ला फोन करायचा. हे कारणासकट सांगितले तेव्हा एका दहा वर्षांच्या मुलाने विचारले, "म्हणजे आपण खाली बसलो तर सिलिंडरचा गॅस जास्त लागेल आणि धुरात खाली बसलो तर कमी लागेल?" अगदी बरोबर. कारण कळले की मूल स्वतःच पुढचा विचार करते.

धुराचा विषय निघाला म्हणून त्यांना परळच्या क्रिस्टल टॉवरची गोष्ट सांगितली. २२ ऑगस्ट २०१८ रोजी या उंच इमारतीला आग लागली आणि चौघांचा जीव गेला. वरच्या मजल्यांवर अडकलेल्यांत एक दहा वर्षांची मुलगी होती. आगीत काय करावे हे ती शाळेत शिकली होती. तिने घरच्यांना आणि शेजाऱ्यांना ओले कपडे नाकातोंडाला धरायला सांगितले, धीर दिला आणि अग्निशमन दलाचे जवान येईपर्यंत सगळ्यांना सांभाळले. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. मला यात कौतुक वाटते ते तिच्या धाडसाचे तर आहेच, पण ज्या कोणी वर्गात हा धडा मन लावून घेतला त्या शिक्षकांचेही आहे.

मात्र ओल्या फडक्याबद्दल एक खुलासा डॉक्टर म्हणून करायला हवा. ओले कापड काजळी अडवते, घशाला थोडा गारवा देते. वर सांगितलेला कार्बन मोनॉक्साईड मात्र त्यातून आरपार जातो. म्हणून फडके धरून धुराच्या जिन्यात शिरायचे नाही. जिना स्वच्छ असेल तर वाकून, भिंतीला धरून उतरायचे, लिफ्ट वापरायची नाही. जिन्यात धूर असेल तर घरात परत यायचे, दार लावायचे, दाराच्या फटीत ओल्या चादरी ठासायच्या आणि खिडकीशी उभे राहून हात हलवायचे. कपड्याने पेट घेतला तर पळायचे नाही, जमिनीवर लोळायचे. भाजल्यावर नळाचे गार पाणी पूर्ण वीस मिनिटे सोडायचे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांतले काहीही लावायचे नाही. वीस मिनिटे किती असतात हे पाहण्यासाठी मुलांनी घड्याळ लावून नळाखाली हात धरला. सहाव्या मिनिटाला चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यावरून त्यांना कळले की आपण एरवी किती लवकर थांबतो.

त्यानंतर मुलांनी जिना मोजला. म्हणजे जिन्यातल्या वस्तू. चार मजल्यांत अकरा चपलांची कपाटे, तीन सायकली, एक मोडकी टीपॉय, कुंड्या वेगळ्या. गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी नाशिकला. हा हिशेब मुलांनी फळ्यावर लिहिला तेव्हा मंडळी रागावली. "तुम्ही मुलांना आमच्यावर सोडलंत," असे एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला ऐकवले. असो. सायकली आता खाली आहेत, किल्ली काचेच्या पेटीत आहे. चपलांची सहा कपाटे मात्र अजून जिन्यातच आहेत आणि त्यांतले एक आमचे होते, ते मी दुसऱ्याच दिवशी आत घेतले.

मुंबईच्या उपनगरात मुलांच्या जिवाला खरा घोर असतो तो लोकलचा. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राण गमावत आली आहेत, त्यांत रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून जाणारे सर्वांत जास्त. माझा पुतण्या मुलुंडहून घाटकोपरला उतरतो आणि तिथून मेट्रोने अंधेरीला जातो. याच घाटकोपर स्थानकावर ११ जानेवारी २०१४ रोजी सोळा वर्षांची एक मुलगी गाडी पकडताना फलाट आणि डबा यांच्यामधल्या पोकळीत गेली आणि तिचे दोन्ही हात गेले. त्या घटनेनंतर न्यायालयाने लक्ष घातले, स्थानकांच्या फलाटांची उंची वाढवण्याचे काम हाती घेतले गेले. २०२० च्या ऑगस्टमध्ये मुंबईतच तिच्यावर दोन्ही हातांच्या प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली.

या बाबतीत "दारात उभा राहू नकोस" असे सांगून उपयोग नसतो, कारण साडेआठच्या गाडीत उभे कुठे राहायचे हे मुलगा ठरवत नाही, गर्दी ठरवते. मग त्याच्या हातात काय आहे? हलायला लागलेली गाडी सोडून देणे एवढे आहे. मी पुतण्याला विचारले, सुटलेली गाडी का पकडतोस? तो म्हणाला, पहिल्या तासाला हजेरी लागली नाही तर सर बाहेर उभे करतात. म्हणजे आमचा खरा शत्रू गाडी नव्हती, हजेरी होती. मी कॉलेजला जाऊन भेटलो. सर समजूतदार निघाले. पालकांनी मुलांना विचारावे की तू धावतोस ते कशाच्या भीतीने? बहुतेकदा ती भीती आपणच घातलेली असते. आणखी एक: रेल्वेचा जुना १८२ हा मदत क्रमांक २०२१ मध्ये १३९ मध्ये विलीन झाला. मुलांच्या वह्यांत जुना लिहिलेला असेल तर खोडून घ्या.

पाण्याच्या विषयात मात्र त्या दिवशी मला बोलावेच लागले नाही. पुतण्याच उभा राहिला. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर त्याने तेरा वर्षांचा असताना पाहिला आहे, माळ्यावर बसून. पाणी उंबऱ्याला लागण्याआधी विजेचा मुख्य खटका पाडायचा, वाहत्या पाण्यात गुडघ्याइतके असले तरी पाऊल घालायचे नाही, कागदपत्रे एका पिशवीत आधीपासून बांधून ठेवायची, हे त्याने असे सांगितले की लहान पोरे वडे विसरून ऐकत बसली. मी फक्त मुंबईची भर घातली. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात बॉम्बे हॉस्पिटलचे नामवंत पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर पाण्यातून घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पाणी ओसरावे म्हणून कोणीतरी झाकण काढले होते. झाकण काढायचे नाही, उघडे दिसले तर त्यात झाडाची फांदी उभी करायची, तिथे मोठ्या माणसाला थांबवायचे आणि पालिकेच्या १९१६ वर कळवायचे. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालावे लागले तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटा, लेप्टोच्या प्रतिबंधाची गोळी वेळेत घ्यावी लागते आणि ती लहान मुलांना व गरोदर बायकांना सरसकट देता येत नाही.

कार्यक्रम संपला, मुले पांगली. एक बाई मागे थांबल्या. त्यांची नऊ वर्षांची मुलगी महिनाभर शिकवणीला जायचे म्हटले की पोट दुखते म्हणत होती. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आज तुम्ही गॅसचं सांगितलंत, आगीचं सांगितलंत. आणखी एक असतं ना, ते कसं सांगायचं?"

मी गच्चीवर हा विषय टाळला होता हे मला मान्य केले पाहिजे. सात वर्षांच्या आणि एकोणीस वर्षांच्या मुलांपुढे एकदम कसे बोलावे, हे मला सुचले नव्हते. सांगायचे असते ते फार अवघड नाही. शरीराच्या सगळ्या अवयवांना मुलांना नावे माहीत हवीत, लाजेची टोपणनावे नव्हेत, म्हणजे काही झाले तर सांगता येते. अंगाचे काही भाग खासगी असतात, ते आंघोळ किंवा औषधोपचारासाठी आईबाबा किंवा आईसमोर डॉक्टर सोडून कोणी पाहायचे किंवा हात लावायचे नाहीत, आणि कोणी आपले दाखवायचेही नाहीत. गुपिते दोन प्रकारची: वाढदिवसाची भेट लपवतो ते एक, आणि "आईला सांगितलंस तर बघ" असे बजावून ठेवायला लावलेले दुसरे. दुसरे लगेच सांगून टाकायचे, कितीही दिवस उलटले असले तरी. मुलग्यांनाही हेच शिकवायचे, लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा मुलगा आणि मुलगी दोघांसाठी आहे. आणि आपण मोठ्यांनी एक सवय सोडायची. "काकांना पापी दे, मग चॉकलेट मिळेल" असे मुलाच्या नाखुषीवर लादायचे नाही. अनोळखी माणसाची भीती आपण फार घालतो. प्रत्यक्षात असे करणारा बहुतेकदा घरातला, शेजारचा किंवा विश्वासातला असतो.

मुंबईत 'अर्पण' ही संस्था २००६ पासून शाळांत हाच विषय शिकवते आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांकही मुंबईतच १९९६ साली सुरू झाला, आज तो देशभर चालतो आणि मूल स्वतःही त्यावर बोलू शकते.

त्या बाईंना मी एवढेच सांगितले की आज रात्री तिच्याजवळ बसा, प्रश्न कमी विचारा, आणि ती जे सांगेल त्यावर "असं कसं होईल, ते तर किती चांगले आहेत" हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. त्यांनी तसे केले. पुढे काय निघाले ते इथे लिहिणार नाही. ते कायद्याच्या मार्गाने गेले आहे. मुलीचे पोट आता दुखत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या चिपळूणला गेला. तिथे माझी पुतणी बाळंतपणाला आली होती, पंधरा दिवसांचे बाळ. तिसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या आईचा फोन. आवाज चढलेला.

"तुझ्या पुतण्यानं बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी उचलून ओसरीवर नेऊन ठेवलीन. खिडकी उघडलीन. म्हणतो, यातून विष निघतं. पाच पोरांना शेक दिला मी या हातांनी."

मी म्हटले, "आई, फडकी ओसरीवरच गरम करायची आणि आत आणून शेकायचं. शेगडी आत नको."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही.

"तोही हेच म्हणाला," ती म्हणाली. "मला वाटलं, याला काय कळतंय."